नाळेतले रक्त साठवावे का?

पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस. आमच्या सरकारी रुग्णालयात अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातले जोडपे तपासणीला आले. तिला सातवा महिना, त्याच्या हातात एका खासगी कंपनीचे गुळगुळीत माहितीपत्रक. ‘‘डॉक्टर, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवलं तर पुढं मोठा आजारपण बरा होतो म्हणतात. होडीच्या इंजिनाचे पैसे बाजूला काढलेत. भरू का?’’

नाळेतल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात, हे खरे. थॅलेसेमिया, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत त्यांचे प्रत्यारोपण करता येते. असे पहिले प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसला झाले. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला नाळेतले रक्त दिले गेले. पण ते त्याचे स्वतःचे नव्हते, नुकत्याच जन्मलेल्या त्याच्या निरोगी बहिणीचे होते.

सगळी मेख इथेच आहे. थॅलेसेमियासारखा दोष जन्मतःच पेशींत असतो, म्हणजे साठवलेल्या रक्तातही तोच दोष. रक्ताच्या कर्करोगाची बीजेही त्यात आधीपासून असू शकतात. त्यामुळे या आजारांत मुलाला स्वतःचे रक्त सहसा उपयोगी पडत नाही. शिवाय एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात. म्हणूनच ‘पुढेमागे स्वतःला लागेल’ म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद करत नाही.

अपवाद आहे. घरातल्या मोठ्या भावंडाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल, तर धाकट्याचे रक्त जपणे योग्य ठरू शकते. अशा वेळी प्रसूतीआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटावे. सार्वजनिक बँकेला दान करणे ही गोष्टही वेगळी; ते रक्त जुळेल त्या कुठल्याही रुग्णाला देता येते.

बाकीच्यांसाठी या रक्ताची उत्तम तिजोरी म्हणजे बाळ स्वतः. जन्मानंतर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतले बरेच रक्त बाळाकडे जाते आणि पुढच्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. आपल्याकडे या लोहाचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. बाळ जन्मतः रडले नाही, श्वास घेत नसेल, तर मात्र डॉक्टर नाळ लवकर कापतात. तिथे हट्ट धरू नये.

त्या दोघांची आधीची मुले नव्हती, घराण्यात रक्ताचा आजारही नव्हता. मी म्हटले, ‘‘इंजिन करून घ्या. आणि प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना एवढंच सांगा, नाळ जरा थांबून कापा.’’

त्याला पैसे पडत नाहीत.