बोलणारा ढोल आणि कोठडीतली शाई

जयपूर म्हटलं की हवामहल आठवतो, जंतरमंतर आठवतं. पण मित्रांनो, दर जानेवारीत तिथे आणखी एक भारी गोष्ट घडते. देशोदेशीचे लेखक जमतात आणि वाचकांशी मनमोकळ्या गप्पा मारतात. 2006 साली सुरू झालेला हा साहित्य महोत्सव 2010 मध्ये डिग्गी पॅलेसच्या आवारात भरला होता. त्या वेळी एक खास पाहुणे आले होते. डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचं जंगल, तशीच पांढरी दाढी! हे होते नायजेरियाचे कवी आणि नाटककार वोले सोयिंका. 1986 साली साहित्याचं नोबेल मिळवणारे ते पहिले आफ्रिकी लेखक.

वोलेचा जन्म 13 जुलै 1934 चा, नायजेरियातल्या अबेओकुटा गावचा. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई दुकान चालवायची. पोरगा भलताच चौकस. तीन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा एके दिवशी वडिलांची पुस्तकं काखोटीला मारून बहिणीच्या मागोमाग शाळेत जाऊन बसला! पुढे चार-साडेचार वर्षांचा असताना पोलिसांचं बँडपथक वाजत गाजत चाललेलं दिसलं. निघाला त्यांच्या मागे. चालत चालत घरापासून इतका लांब गेला की शेवटी एका पोलिसाने त्याला सायकलवरून घरी आणून सोडलं. या सगळ्या गमती त्यांनी ‘आके’ नावाच्या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत.

त्यांची मातृभाषा योरुबा. ती ऐकायला गाण्यासारखी वाटते, कारण तिच्यात सुराला फार महत्त्व आहे. सूर तीन : वरचा, मधला आणि खालचा. ‘ओको’ हा शब्द घ्या. त्यातलं दुसरं अक्षर मधल्या सुरात म्हटलं तर अर्थ होतो नवरा, वर चढवलं तर कुदळ आणि खाली उतरवलं तर वाहन! म्हणजे सूर चुकला की नवऱ्याची कुदळ झालीच म्हणून समजा.

आणि म्हणूनच योरुबा लोकांचा ढोल चक्क बोलतो. आकाराने तो आपल्या डमरूसारखा, मध्ये बारीक. दोन्ही तोंडांवरची चामडी दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेली असतात. वादक ढोल काखेत धरतो आणि वाकड्या काठीने वाजवतो. काखेत दाबला की दोऱ्या ताणल्या जातात, चामडं घट्ट होतं, ते जलद थरथरू लागतं आणि आवाज चढतो. दाब कमी केला की आवाज उतरतो. बोलण्यातले चढउतार वादक असे हुबेहूब वाजवतो आणि ऐकणाऱ्यांना त्यातून वाक्यं कळतात! एकाच सुरावटीचे शब्द अनेक असतात, मग घोटाळा नाही होत? वादक त्यावर उपाय म्हणून सुटा शब्द न वाजवता ओळखीचं लांबलचक वाक्य वाजवतो. सोयिंकांच्या ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ या नाटकातही ढोल असे बोलतात.

आता गोष्टीचा अवघड भाग. 1967 साली नायजेरियात यादवी युद्ध पेटलं. लढाई थांबावी म्हणून सोयिंका दुसऱ्या बाजूच्या लोकांना जाऊन भेटले. सरकारने त्यांना शत्रूचा साथीदार ठरवलं आणि तुरुंगात टाकलं. दोन वर्षांहून जास्त काळ, त्यातला बराचसा एकट्याने! बोलायला माणूस नाही आणि लिहायला कागद-पेनही नाही. लेखकाचं पेन काढून घेणं ही मला सगळ्यात क्रूर शिक्षा वाटते.

मग त्यांनी काय केलं? शाई स्वतःच बनवली! तसं पाहिलं तर शाईला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : रंग, तो कालवायला पाणी आणि कागदाला धरून ठेवणारं काहीतरी चिकट. आपल्याकडे पोथ्या लिहिताना काजळी, पाणी आणि डिंक वापरत. कोठडीत यातलं काय मिळणार! तरीही त्यांनी जमेल तशी शाई तयार केली. कागद म्हणून टॉयलेट पेपर घेतला, सिगारेटची पाकिटं घेतली. चोरून मिळालेल्या पुस्तकांत छापील ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेतही त्यांनी कविता आणि नाटकांचे तुकडे लिहिले. मला विचाराल तर नोबेलपेक्षाही मोठा पराक्रम हाच.

1969 मध्ये ते सुटले, पण गप्प बसले नाहीत. नोबेलच्या वेळचं भाषण त्यांनी नेल्सन मंडेलांना अर्पण केलं. मंडेला तेव्हा दक्षिण आफ्रिकेत कैदेत होते. 1994 साली नायजेरियाच्या लष्करी हुकूमशहामुळे सोयिंकांच्या जिवाला धोका निर्माण झाला, तेव्हा साठाव्या वर्षी ते मोटारसायकलवरून सीमा ओलांडून निसटले! हुकूमशहाचा मृत्यू झाल्यावर, 1998 मध्येच ते मायदेशी परतले.

त्यांची दुसरी कादंबरी आली 1973 साली आणि तिसरी थेट 2021 मध्ये, वयाच्या 87व्या वर्षी. इंग्रजी पुस्तकं वाचायला लागलात की सुरुवात ‘आके’पासून करा. शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर बाईंकडे हट्ट धरा आणि मागवून घ्या.