झेरॉक्सचे दुकान आणि वाचकाचा हक्क

कॉपीराइटविषयी बोलावयाचे म्हटले की लोकांना वाटते, हा लेखक, प्रकाशक आणि वकील यांच्यातला मामला. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या मुलाबाळांच्या शिक्षणाशी आहे. तो कसा, हे दिल्लीत घडलेल्या एका खटल्याच्या आधाराने आम्ही सांगणार आहोत.

प्रथम कायदा पाहू. लेखकाच्या, अगर त्याच्याकडून हक्क घेतलेल्या प्रकाशकाच्या परवानगीवाचून पुस्तकाच्या प्रती काढू नयेत, हा कॉपीराइटचा मूळ अर्थ. आम्ही जन्म कामगार चळवळीत काढला आहे. श्रमाचे मोल श्रम करणाऱ्याला मिळावे, हे आम्हांस कोणी पटवून देण्याची गरज नाही. लेखणी चालवणे हाही श्रमच आहे. परंतु आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्याने लेखकाला हक्क देताना वाचकाला वाऱ्यावर सोडलेले नाही. काय केल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, याची लांबलचक यादी त्याच्या ५२ व्या कलमात आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी वा संशोधनासाठी केलेला वाजवी वापर, टीका, परीक्षण, आणि शिक्षकाने वा विद्यार्थ्याने शिकण्याशिकवण्याच्या ओघात काढलेली नक्कल, हे सारे त्या यादीत येते.

आता खटल्याकडे वळू. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे झेरॉक्सचे एक लहानसे दुकान होते. अध्यापकांनी वाचावयास नेमून दिलेली निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधलेले संच तेथे मिळत. विद्यापीठाशी ठरलेला दर पानाला ४० पैसे. ज्या मुलाला हजारो रुपयांची दहा-वीस पुस्तके विकत घेणे शक्य नाही, त्याला हा संच परवडे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशनसंस्थांनी या दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ऑक्टोबरमध्ये मनाई हुकूम झाला आणि संचांची विक्री थांबली.

अशा वेळी एकटा दुकानदार काय करील? त्याला पोट आहे. तो तडजोड करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. तडजोडीची वाटही समोर होतीच : नकला काढण्याचे परवाने देणारी एक संस्था आहे, विद्यापीठाने तिच्याकडे फी भरून परवाना घ्यावा, असे प्रकाशकांचे म्हणणे होते. वरवर पाहता यात वावगे काय? पण संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो आहोत. जी रजा कायद्यानेच कामगाराच्या पदरात टाकली आहे, ती मेहेरबानी म्हणून मागावयाची असे एकदा मान्य केले, की हक्कावर पाणी सोडल्यासारखे होते. सवलत देणारा उद्या ती काढूनही घेतो.

म्हणून या खटल्यात पुढारीपण कोणी केले आणि कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. प्रकाशकांनी विद्यार्थ्यांवर दावा लावला नव्हता. विद्यार्थ्यांनी आपला संघ स्थापून न्यायालयास विनंती केली, की निकालाचा परिणाम आम्हांवर होणार आहे, तेव्हा आम्हांलाही प्रतिवादी करा. पाठोपाठ अध्यापक आणि अभ्यासकांची संस्था उभी राहिली. दोघांनाही न्यायालयाने सामील करून घेतले. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी या कामी मोठा पुढाकार घेतला. गरीब घरांतील मुलांना कायद्याच्या महाविद्यालयांत पोहोचवण्याचे कामही त्यांनी उभारले होते. २०१९ साली, ऐन उमेदीत, ते गेले. शिवाय तीनशेहून अधिक लेखक व विद्वानांनी प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली; ज्यांच्या पुस्तकांचा दाव्यात उल्लेख होता, असे काही लेखकही त्यांत होते. अमर्त्य सेन यांनीही पत्र लिहिले. दुकानदाराचे भांडण अशा रीतीने वाचकांचे भांडण झाले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एन्डलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त वा निसर्गदत्त हक्क नव्हे, आणि हाताने उतरवून घेतल्यास जो गुन्हा होत नाही तो केवळ यंत्राने उतरवल्याने होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रकाशक अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने दावा पुन्हा चौकशीस घेतला, परंतु तत्त्व विद्यार्थ्यांच्याच बाजूने ठरवले : शिकवण्यास आवश्यक असेल तेवढ्या मजकुराच्या नकला काढता येतील, पानांची मर्यादा त्याला लागू नाही, आणि शिकवणे म्हणजे केवळ वर्गातले व्याख्यान नव्हे. संचातला मजकूर खरोखर आवश्यक होता काय, हे पुराव्याने ठरावयाचे राहिले. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. परवाने देणाऱ्या संस्थेचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळले.

याचा अर्थ कोणीही कोणतेही पुस्तक छापून पदपथावर विकावे असा नाही. तसे करणारा लेखकाच्या ताटातला घास पळवतो, आणि आम्ही त्याची बाजू घेणार नाही. निकालाने राखला तो शिकणाऱ्याचा हक्क, आणि तोही शिकण्यापुरता.

आपल्या गावात शाळा आहेत, महाविद्यालय आहे. पानभर उतारा वर्गात वाटताना शिक्षकाचा हात कचरतो, आणि झेरॉक्सवाला नुसत्या नोटिशीच्या धास्तीने नको म्हणतो. त्यांना ५२ वे कलम समजावून सांगणे हे आपले काम आहे. वेळ आली तर त्यांच्यासोबत न्यायालयात उभे राहणे, हेही आपलेच. दिल्लीतल्या पोरांनी एवढेच केले; पण त्यांनी ते केले नसते, तर कलम पुस्तकात राहिले असते आणि संच बंदच राहिले असते.