पेटीची किल्ली पेटीतच

मुलांनो, संगणकाला उर्दूतील 'पे' हे अक्षर कळत नाही. त्याला फक्त संख्या कळतात. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारे तक्ते असतात. अशा तक्त्याला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या पद्धतीत 'पे' हे अक्षर २१७ आणि १९० अशा दोन संख्यांनी लिहितात. विंडोज-१२५६ या तक्त्यात मात्र २१७ म्हणजे 'जोय' आणि १९० म्हणजे पाऊण! तक्ता चुकला, तर 'परवीन' या नावाच्या सुरुवातीलाच 'जोय' आणि पाऊण उमटतात. संख्या एकही बदललेली नसते. वाचणारा चुकलेला असतो.

म्हणून १९९८ साली ठरलेल्या एक्सएमएल या लेखनपद्धतीत फाइलीच्या पहिल्याच ओळीत आवृत्ती आणि एन्कोडिंग लिहिण्याची सोय केली आहे. पण गंमत पाहा. ती ओळ वाचायलाही तक्ता हवाच. म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच राहिली!

मग फाइल वाचून तिचे भाग वेगळे करणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, काय करतो? तो आधी सुरुवातीच्या काही संख्या पाहतो. ही ओळ नेहमी कोनी कंस, प्रश्नचिन्ह आणि एक्स, एम, एल या इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. बहुतेक प्रचलित तक्त्यांत त्यांच्या संख्या ६०, ६३, १२०, १०९, १०८ अशाच आहेत. त्या दिसल्या, की इंग्रजी अक्षरांतली ती ओळ बिनधोक वाचता येते. २५४ आणि २५५ ही जोडी कोणत्याही क्रमाने आरंभी आली, तर फाइल यूटीएफ-१६ मधली समजावी. काहीच खूण नसेल, तर यूटीएफ-८ धरायचे, असा नियम आहे.

जावा भाषेत पार्सरने काम संपवले, की 'डॉक्युमेंट' आपल्या हाती येते. त्याला प्रश्न विचारता येतात. 'गेट एक्सएमएल व्हर्जन' आवृत्ती सांगते. पहिली ओळ नसली, तर उत्तर १.० असे येते. 'गेट एक्सएमएल एन्कोडिंग' फाइलीने स्वतः सांगितलेले नाव देते. 'गेट इनपुट एन्कोडिंग' मात्र प्रत्यक्षात कोणत्या तक्त्याने वाचले, ते सांगते. ही दोन नावे वेगळी आली, तर जरा थांबून तपासावे.

फाइल पार्सरला संख्यांच्या, म्हणजे बाइटच्या रूपातच द्यावी. आपणच आधी तिची अक्षरे करून 'रीडर'मार्फत दिली, तर पहिल्या ओळीतले एन्कोडिंग पार्सर विचारातच घेत नाही. अशा वेळी आपला तक्ता चुकलेला असेल, तर परवीनचे नाव बिघडते आणि पार्सर तक्रारही करत नाही. त्याला 'जोय' हेही एक अक्षरच वाटते.