दुखण्याआधीचा डोस

केमोचं एक सायकल संपवून मूल घरी आलंय. दोन दिवसांत ते रडलेलं नाही, खेळणी मागितलेली नाहीत, हाक मारली तर फक्त मान वळवतं. घरातले म्हणतात, आता आराम पडलेला दिसतोय. पुष्कळदा खरं उलट असतं. सतत ठणका लागलेलं मूल रडून रडून दमतं. हललं की कळ येते हे त्याला उमगलेलं असतं, म्हणून ते हलतच नाही. लहानग्यांचं दुखणं मोजताना नर्स चेहऱ्याइतकंच पायांकडे पाहते: ते पोटाशी ओढलेत का, अंग ताठ आहे का, उचलून घेतल्यावर पोर शांत होतं का. आईबाबांना हे घरीही दिसतं. ते वेळेसकट वहीत लिहून ठेवावं; पुढच्या भेटीत डोस ठरवताना डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो.

मुलांच्या वेदनेकडे दुर्लक्ष वैद्यकशास्त्रानेही केलं आहे. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत, कारण त्यांना तेवढं दुखत नाही असा समज होता. घरातला समज वेगळा आहे: मूल कळवळलं, की मग औषध द्यायचं.

कॅन्सरच्या दुखण्यात हा क्रम महागात पडतो. मॉर्फिन मज्जारज्जूत आणि मेंदूत दुखण्याचा निरोप अडवतं, पण तोंडाने दिलेल्या साध्या मॉर्फिनचा अंमल चारेक तासच टिकतो. मधे खंड पडून कळ चढली, की मज्जारज्जूतल्या पेशी अधिक हुळहुळ्या होतात आणि तीच कळ उतरवायला जास्त औषध लागू शकतं. म्हणून डोस घड्याळ पाहून द्यायचा. मधेच उसळणाऱ्या दुखण्यासाठीचा जादा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्यायचा.

'मॉर्फिन म्हणजे व्यसन', 'मॉर्फिन म्हणजे शेवट' ही दोन वाक्यं मुलांना नाहक तळमळत ठेवतात. वेदनेसाठी, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन मुलांना क्वचितच लागतं. शरीराला औषधाची सवय होते, ही निराळी गोष्ट. म्हणून ते एकदम न थांबवता हळूहळू उतरवतात. सौम्य वाटणारं कोडीन मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या उपचारक्रमातून काढलं. ते यकृतात मॉर्फिन बनतं, तेव्हाच काम करतं. ते बनवणारं एन्झाइम काही मुलांत जवळपास नसतं, तर काहींत भलतंच वेगवान असतं. एकाच चमच्याने एकाला काहीच फरक पडत नाही, तर दुसऱ्याचा श्वास मंदावू शकतो.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच, तेव्हा रेचक पहिल्या दिवसापासून हवं. सुरुवातीला थोडी गुंगी चालते. पण मूल हलवूनही उठत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल, तर तडक रुग्णालय गाठावं.

सगळंच दुखणं गाठीचं नसतं. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन ल्युकेमियात जीव वाचवतं, पण नसांना दुखावतं. जबडा दुखतो, पाय झिणझिणतात, आणि पालकांना वाटतं आजार उलटला. अशा दुखण्याला वेगळं औषध असतं. तोंड आलं असेल तर मूल गिळायलाच घाबरतं. त्याला गार, मऊ पेज आणि त्याआधी वेळेवर डोस.

पॅरासिटामॉल देण्याआधी थर्मामीटर लावायचा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना १००.४ फॅरनहाइट ताप ही आणीबाणी असते, आणि गोळी तो ताप झाकून टाकते. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन न विचारता नकोच. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मॉर्फिनवरचे कायद्याचे निर्बंध २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाले, तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. शहरातल्या रुग्णालयातून गावी निघताना पुढच्या तारखेपर्यंतचा साठा पिशवीत हवा, कुलूपबंद ठेवायला डबाही हवा.

आणि रात्री गाढ झोपलेल्या पोराला डोससाठी उठवायचं का? हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. काहींना झोपतानाचा डोस वाढवून देतात, मग रात्र निभते. नसेल दिला, तर दोनचा गजर लावायचा. मूल डोळे न उघडताच चमचा तोंडात घेतं आणि कूस बदलून पुन्हा झोपतं.