आंत्रशा कात्र

लंडनमधला प्रौढांचा संध्याकाळचा बॅले वर्ग. बारवरचे, म्हणजे भिंतीलगतचा आडवा दांडा धरून करायचे व्यायाम संपलेत, घोटे मोकळे झालेत. आता मधल्या मोकळ्या जागेत जायचं, असं वाटत असतानाच बाई सांगतात, "बारकडे तोंड करा. दोन्ही हात बारवर." आज आंत्रशा कात्र नावाची उडी शिकायचीय.

आधी त्या स्वतः करून दाखवतात. पाचवी पोझिशन: उजवं पाऊल पुढे, त्याची टाच डाव्या अंगठ्याला टेकलेली, दोन्ही पावलं बाहेर वळलेली. गुडघे वाकतात, उडी. हवेत पाय किंचित उघडतात, उजवा डाव्याच्या मागे आपटतो, पुन्हा उघडतो आणि पुढेच उतरतो. प्रत्येक पायाच्या दोन हालचाली, म्हणून कात्र, चार. 20 सेंटिमीटर उंच उडी मारली तरी माणूस हवेत राहतो जेमतेम 0.4 सेकंद. तेवढ्यात हे सगळं उरकायचं.

आम्ही बार दाबून अंग वर उचलतो. शेजारच्या पिकल्या केसांच्या बाईंच्या कापडी बुटांना अंगठ्यापाशी ठिगळ आहे. त्यांची पावलं हवेत नुसती थरथरतात. बाई वाकून बघतात आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारतात. "पावलांचा विचार सोडा. मांडीपासून फिरवा. आणि उघडायला घाबरू नका, उघडलेच नाहीत तर पाय मिटणार कसे?"

खरी मेख इथेच आहे. आपलं सगळं लक्ष आपटण्यावर, आणि आंत्रशा उभं असतं त्याआधीच्या बोटभर फटीवर. ती फट दिसली नाही, तर ही नुसती उडी.

अठराव्या शतकात पॅरिस ऑपेरातल्या मारी कामार्गोनं हे आंत्रशा कात्र गाजवलं, आणि ते दिसावं म्हणून झगा घोट्याच्या वर घेतला, असं सांगतात. ब्रिटिश नर्तक वेन स्लीप यांनी 1973 मध्ये बारा हालचालींपर्यंत मजल मारली. तो पराक्रम मोठाच, पण मला कामार्गोचा आग्रह जास्त मोलाचा वाटतो: पाय काय करताहेत ते लोकांना दिसलं पाहिजे. आमच्यातलं कुणीही रंगमंचावर जाणार नाही. तरीही बाई तेवढंच नेमकं मागतात, आणि त्यात आमचा मान आहे.

आता बारशिवाय. पियानोवर दोन मात्रांची चपळ धून सुरू होते. पहिल्या उड्यांत पाय एकमेकांना चुकवतात. मग एकदा पोटरीवर पोटरी आपटते, चांगली झणझणीत, आणि उजवं पाऊल पुढे येऊन उतरतं. शेजारच्या बाईंच्या बुटांच्या मधूनही क्षणभर उजेड दिसतो.

"दिसलं!" बाई टाळी वाजवतात. "दोघींचंही दिसलं. आता डावं पाऊल पुढे. वेग तोच."