पंधरा मीटरची हद्द

पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर लागला की धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायचा हंगाम सुरू होतो. बऱ्याच शिकाऱ्यांच्या हातात चाकं आणि तारा असलेलं कंपाउंड धनुष्य असतं. माझा शेजारी मात्र अखंड लाकडातून स्वतः घडवलेलं धनुष्य नेतो. मी शिकार करत नाही. त्याच्याबरोबर रानात जाऊन बसतो, बघतो.

धनुष्य ऑसेज ऑरेंजच्या लाकडाचं. साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड काढलं की आत पिवळंधमक लाकूड लागतं. मग वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखत तो वरचे थर उतरवतो. हे वलय म्हणजे धनुष्याची पाठ. ते कुठे कापलं गेलं, तर ताण पडताच धनुष्य तिथूनच मोडायचं. गाठ आली की मोठं पातं बाजूला ठेवून तो गाठीभोवती हलकेच खरवडत राहतो. एवढ्या कामात त्याची अख्खी दुपार जाते.

अशा धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 45 मीटर जातो. कंपाउंडचा जवळजवळ दुप्पट वेगाने. आवाजाचा वेग 340 मीटर. म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी हरणापर्यंत पोचतो. दचकलेलं हरीण उसळण्याआधी खाली दबतं आणि छातीवर धरलेला नेम पाठीत बसतो. शिवाय कंपाउंड पूर्ण ओढलं की चाकांमुळे बराचसा भार उतरतो; इथे सगळा ताण बोटांवर. दोरी ओढून हरीण वळायची वाट बघत बसता येत नाही. म्हणून शेजाऱ्याने स्वतःपुरती पंधरा मीटरची हद्द घातली आहे. सरावात तो दिवसाचा पहिलाच बाण मोजतो, कारण रानात दुसरा क्वचितच मिळतो.

बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, कापून रक्तस्रावाने मारतो. एका सकाळी त्याने बाण सोडला, हरीण झाडीत दिसेनासं झालं. ते उभं होतं तिथे ओकच्या पानावर गुलाबी, फेसाळ थेंब होते. फेस म्हणजे फुप्फुस. गडद रक्त म्हणजे यकृत. हिरवट, दुर्गंधी डाग म्हणजे आतडं. मग मात्र तासन्‌तास थांबायचं, कारण लगेच मागावर गेलं तर जखमी जनावर उठून लांब जातं आणि सापडत नाही. फेस दिसला तरी तो अर्धा तास बुंध्याला टेकून बसून राहिला. हरीण जवळच ओहोळाशी मरून पडलं होतं. मांस त्याने घरी नेलं.

दुसऱ्या खेपेला मोठा नर टप्प्यात आला, पण छाती आमच्याकडे करून उभा राहिला. समोरून हाड आडवं येतं. शेजाऱ्याने धनुष्य उचललंच नाही. नर निघून गेला.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ बंद केली, ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. लांडगे आणि प्यूमा माणसाने केव्हाच संपवले आणि हरणं वाढली की जंगलातली कोवळी रोपं उरत नाहीत. तेव्हा हरणं मारावी लागतात, हे मला मान्य आहे. पण जुन्या हत्याराने हरणाला सुटकेची संधी मिळते, म्हणून ही शिकार जास्त न्यायाची, हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. पाठीत बाण घेऊन पळणाऱ्या हरणाला कसली संधी मिळाली? हौसेखातर कमजोर हत्यार निवडणाऱ्यावर जबाबदारी उलट जास्त येते.

पेनसिल्व्हेनियाचा कायदा धनुष्याचा ताण किमान 35 पौंड असावा म्हणतो. धनुष्य धरणाऱ्याच्या नेमाची परीक्षा मागत नाही. डेन्मार्कमध्ये धनुष्याने शिकार करायची तर आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ती इथेही सक्तीची व्हायला हवी.