खजिनदारांना फोन करा, पण रात्री साडेअकराला नको

राष्ट्रीय दिनाची सुट्टी संपते, गॅलरीतले झेंडे अजून उतरायचे असतात, आणि त्या गडबडीत ५ डिसेंबर दरवर्षी गुपचूप निघून जातो. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला. त्या निमित्तानं आज आपल्या घरच्याच स्वयंसेवकांबद्दल बोलू या, म्हणजे मंडळाच्या कार्यकारिणीवर बसलेल्या त्या आठ-दहा माणसांबद्दल.

'बसलेल्या' म्हटलं खरं, पण त्यांना बसायला कुठे मिळतं?

गणपतीचंच बघा. आपण सातला आरतीला पोचतो, मोदक घेतो, फोटो काढतो, नऊला पार्किंगमधून गाडी काढतो. त्याच्या कितीतरी महिने आधी कुणीतरी हॉलवाल्याशी घासाघीस केलेली असते, आगाऊ रक्कम स्वतःच्या कार्डावर भरलेली असते, मूर्ती कार्गोतून वेळेत सुटेल ना म्हणून झोप घालवलेली असते. तारीख ठरवणं हेच एक दिव्य. पूर्वी शुक्रवार म्हटलं की प्रश्न मिटायचा. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, शुक्रवार अर्धा झाला, शारजानं शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस धरले, आणि काही खासगी कंपन्यांत शनिवारी अजून काम असतंच. कुठलाही दिवस ठेवा, चार घरं नाराज होणारच. ती नाराजी सचिवांच्या फोनवर येते.

पण याहून मोठं ओझं आपल्याला दिसत नाही, ते कागदांचं. पुण्यात चार मित्र जमले की मंडळ निघतं. इथे तसं नाही. दुबईत सामाजिक संस्थांना कम्युनिटी डेव्हलपमेंट ऑथॉरिटीचा परवाना लागतो. त्यासाठी २०१७ चा १२ क्रमांकाचा कायदा आहे. पैशांची बाब तर फारच नाजूक. २०१५ च्या फर्मानानुसार दुबईत परवानगीशिवाय देणग्या गोळा करता येत नाहीत, त्यासाठी आवाहनही करता येत नाही, आणि नियम मोडला तर दंड आणि कैद दोन्हींची तरतूद आहे. २०२१ मध्ये देणग्यांसाठी देशभर लागू होणारा कायदाही आला.

आता कोल्हापूर-सांगलीकडे पूर आला की आपला जीव तुटतो. ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "मंडळानं पटकन पैसे जमवावेत." खजिनदार म्हणतात, "तसं करता येणार नाही." लगेच कुणीतरी लिहितं, "माणुसकी राहिली नाही." मंडळी, त्या कागदावर सही त्यांची असते. त्या सहीमागे त्यांची नोकरी असते, व्हिसा असतो, मुलांची शाळा असते. त्यांचा नकार म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वतीनं घेतलेली काळजी आहे. अशा वेळी ग्रुपवर एकानं जरी लिहिलं, "खजिनदार बरोबर सांगतायत," तरी त्या माणसाची रात्र सुखाची जाते.

आमच्या ओळखीच्या एका खजिनदारांची गोष्ट सांगते. कुठलं मंडळ ते विचारू नका. दिवाळीच्या जेवणासाठी साडेतीनशे जणांची नोंदणी झाली होती, आले सव्वाचारशे. जेवण कमी पडलं. हे गृहस्थ आणि त्यांची पत्नी शेवटपर्यंत वाढत राहिले, आणि रात्री बारानंतर घरी जाऊन त्यांनी मॅगी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर चौदा मेसेज, सगळे जेवणाबद्दल. न नोंदवता पाहुणे घेऊन आलेल्यांपैकी एकानंही अवाक्षर काढलं नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, टाळ्याही छान पडल्या. घरी आल्यावर पत्नी एवढंच म्हणाली, "ही तिसरी शाल. कपाटात जागा नाही. या वर्षी नाव देऊ नका." त्यांनी दिलं नाही. त्या खुर्चीवर यायला पुढे कित्येक आठवडे कुणी तयार होईना.

सत्काराला माझा विरोध नाही. नारळ कुणाला नको असतो? पण तो तीन मिनिटांचा असतो आणि काम वर्षभराचं. मला विचाराल तर वर्गणी पहिल्या आठवणीतच भरणं हा जास्त मोठा सत्कार. नोंदणी शेवटच्या तारखेआधी करायची, माणसं वाढली तर तेव्हाच कळवायचं, यायचं रद्द झालं तर तेही. मेसेज पूर्ण वाचायचा; त्यात हॉलचा पत्ता असतो, तरी "व्हेन्यू कुठे?" विचारणारे वीस जण असतातच. तक्रार असेल तर जरूर सांगा, पण त्या माणसाला, दोन दिवसांनी, दिवसाउजेडी. ग्रुपवर नको आणि रात्री साडेअकराला तर नकोच.

"काही मदत लागली तर सांगा" या वाक्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही. समितीतला माणूस संकोचापोटी सांगत नाही, आणि आपणही विचारल्याचं समाधान घेऊन झोपतो. त्याऐवजी कामाचं नाव घ्या: "अबू धाबीहून येणाऱ्या कलाकारांना मी आणते." "कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरायला आम्ही दोघं थांबतो." "हिशेबाची पत्रकं मी एक्सेलमध्ये भरून देतो." एवढं ऐकल्यावर समोरच्याला फक्त "बरं" म्हणायचं उरतं.

हिशेबाचं निघालंच आहे तर, हिशेब जरूर विचारा. विचारणं हा अपमान नाही, उलट प्रामाणिक खजिनदाराला ते हवंच असतं. फक्त विचारण्याआधी पाठवलेलं पत्रक उघडून बघा. आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे त्यांना लगेच परत मिळतात का, हेही सभेत आपणच विचारावं. स्वतःसाठी ते कधी विचारणार नाहीत.

परदेशातल्या मराठी मंडळांचा इतिहास जुना आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं १९३२ मध्ये सुरू झालं. आपल्या दुबईत २०१० साली दुसरं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, मंगेश पाडगावकर अध्यक्ष होते. अध्यक्षांचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं, आणि राहावंच. पण अशा प्रत्येक संमेलनात विमानतळावर पाटी धरून उभं राहणारा, पाहुण्यांचं पथ्य स्वयंपाकघरात सांगणारा कुणीतरी असतोच. त्याचं नाव कुठल्याच स्मरणिकेत सापडत नाही.

अजून एक. माणसांना वेळेवर मोकळं करायला शिकायला हवं. "तुमच्याशिवाय मंडळ चालणार नाही" हे कौतुक वाटतं, पण ऐकणाऱ्याच्या पायात ती बेडीच असते. मुदत संपायच्या सहा महिने आधीच दुसरं कुणीतरी त्यांच्याबरोबर काम करू लागलं, हॉलवाल्यांचे नंबर, परवान्यांच्या तारखा, बँकेचे कागद एका फाइलमध्ये आले, की निघणाऱ्याला अपराधी वाटत नाही आणि येणाऱ्याला धडकी भरत नाही. इथे तर ते जास्तच गरजेचं. कुणाची नोकरी बदलेल, कुणाला महिन्याभरात परत जावं लागेल, सांगता येत नाही.

आणि आभार मानताना घरच्यांना विसरू नका. ज्या मुलीच्या वाढदिवसाला बाबा साउंडवाल्याची वाट बघत हॉलवर थांबले होते, तिला नावानं हाक मारून दोन शब्द बोला. तिच्या ते लक्षात राहील.

बरं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची नोंदणी आता बऱ्याच मंडळांत सुरू होईल. पुढचं गाणं लागेपर्यंत फोन हातात घ्या आणि तेवढा फॉर्म भरून टाका. किती माणसं येणार, तो रकाना रिकामा सोडू नका.